पूर्वरंगाचा धनी : फ्रेडरिक शोपँ

आपल्यापैकी पुष्कळांच्या वहीची शेवटची पाने मोठी बोलकी असतात. तिथे चार ओळींची कविता असते, भजनाला सुचलेली एखादी नवी चाल सरगमीत टिपलेली असते, अर्ध्या पानात संपलेली गोष्ट असते. ती वही मित्राच्या हाती पडली की तो वाचतो, मान डोलावतो आणि म्हणतो, की चांगले आहे, पण जरा वाढव. छोटे म्हणजे अपुरे, अशी आपली एक समजूतच होऊन बसली आहे. परीक्षेत पुरवण्या जोडणाऱ्याचा जो दरारा असतो, तोच आपण कलेलाही लावतो. हा अभिप्राय ऐकावा की न ऐकावा? ऐकावा तर किती? या प्रश्नाचा विचार करता करता मी अशा एका माणसापाशी जाऊन पोचलो, की ज्याचा आपल्या लोणखेड्याशी काडीचाही संबंध नाही. त्याचे नाव फ्रेडरिक शोपँ.

लोणखेड्यात पियानो मी कुठे पाहिलेला नाही. आपल्याकडे पेटी आहे. हरिनाम सप्ताह असो की भजनी मंडळाची एकादशी, पेटीवाचून अडते. पण ही पेटी तरी मूळची कुठली? हार्मोनियम हे वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये आकाराला आले, आणि त्या वेळी शोपँ त्याच शहरात राहत होता. पुढे कलकत्त्यात त्याला हाताच्या भात्याचे रूप मिळाले, आणि होता होता ते सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत येऊन पोचले. म्हणून पेटीवर बोटे फिरवणाऱ्याला पियानो अगदीच परका नाही. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची मांडणी दोन्हीकडे तीच. पेटीत हवा बोलते. पियानोत पट्टी दाबली की आत एक मऊ आवरण घातलेली हातोडी तारेवर पडते. पेटीचा सूर भाता चालेपर्यंत टिकतो. पियानोचा सूर मात्र उमटल्या क्षणापासून विरू लागतो. शोपँचे सारे आयुष्य या विरणाऱ्या सुराला गाते करण्यात गेले, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्याच्या चरित्रात दोन शब्द वारंवार येतात, ते आधी समजून घेऊ. पहिला नॉक्टर्न, म्हणजे रात्रीची रचना. जॉन फील्ड नावाचा एक आयरिश पियानोवादक रशियात राहत असे. त्याने १८१२ च्या सुमारास या नावाच्या रचना प्रथम प्रसिद्ध केल्या. डाव्या हाताने संथपणे सूर पसरत राहायचे आणि उजव्या हाताने एखाद्या गायिकेसारखे गायचे, असा तो घाट. आपल्याकडे बागेश्री, बिहाग, मालकंस यांची वेळच ठरलेली आहे. तिकडे रागाला वेळ बांधून दिलेली नसल्यामुळे रात्र नावातून आणि भावातून आणावी लागली. दुसरा शब्द प्रेल्यूड. याला मी पूर्वरंग म्हणतो. मुख्य रचना सुरू करण्यापूर्वी वादक पट्ट्या चाचपून पाही, सूर जमवी आणि श्रोत्यांचे चित्त स्थिर करी. कीर्तनकार जसा पूर्वरंगात निरूपण करून मग आख्यानाला हात घालतो, तसेच हे. शोपँने केले ते असे, की त्याने नुसते पूर्वरंगच लिहिले, आणि आख्यान लिहिलेच नाही! त्याच्या काळच्या जाणकारांना हे कसे वाटले आणि त्यांच्या वाटण्याचे त्याने काय केले, हाच या लेखाचा विषय आहे.

शोपँचा जन्म १८१० साली पोलंडमध्ये, वॉर्साजवळच्या झेलाझोवा वोला या खेड्यात झाला. वडील जन्माने फ्रेंच, व्यवसायाने फ्रेंच भाषेचे शिक्षक, आई पोलिश. सात वर्षांच्या या मुलाची पहिली रचना १८१७ साली छापली गेली. झिव्नी नावाच्या वृद्ध गुरूंनी त्याला बाख आणि मोत्सार्ट यांची गोडी लावली. पुढे योझेफ एल्स्नर हे गुरू लाभले. एल्स्नर यांचे मोठेपण असे, की आपल्या पठडीत हा मुलगा बसत नाही हे ओळखून त्यांनी त्याला स्वतःच्या वाटेने जाऊ दिले. १८२९ साली त्यांनी त्याच्या नावापुढे शेवटचा शेरा लिहिला, तो त्याच्या असामान्य प्रतिभेची ग्वाही देणारा होता. शिष्याच्या वेगळेपणाचा अडथळा न वाटणारे गुरू कोणत्याही काळात विरळाच.

२ नोव्हेंबर १८३० रोजी विशीतला शोपँ वॉर्सा सोडून व्हिएन्नाकडे निघाला. पोलंड तेव्हा रशियाच्या झारच्या टाचेखाली होता. महिना उलटण्याच्या आत, २९ नोव्हेंबरला, वॉर्सात उठाव झाला. बरोबरचा मित्र लढायला परत गेला. प्रकृतीने नाजूक असलेला शोपँ परदेशातच राहिला. सप्टेंबर १८३१ मध्ये उठाव चिरडला गेला आणि वॉर्सा पडली. ही वार्ता त्याला पॅरिसच्या वाटेवर, श्टुटगार्टमध्ये कळली. त्यानंतर त्याला मायभूमीचे दर्शन पुन्हा कधीच झाले नाही.

पॅरिसमध्ये पाऊल टाकताच अभिप्रायांचा वर्षाव सुरू झाला. पहिला अभिप्राय काल्कब्रेनर या त्या वेळच्या मातब्बर पियानोवादकाचा. शोपँचे वादन ऐकून त्याने गुण मान्य केले, पण आपल्या हाताखाली तीन वर्षे शिकायला हवे, असे सांगितले. एकवीस वर्षांच्या, परक्या शहरात आलेल्या मुलाला हा सल्ला साधा नव्हता. शोपँने घरी आणि गुरूंना पत्रे लिहिली, विचार केला आणि नम्रपणे नकार दिला. पण काल्कब्रेनरविषयीचा आदर त्याने सोडला नाही. पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली आपली एक मोठी रचना त्याने त्यालाच अर्पण केली. सल्ला नाकारला, माणूस नाकारला नाही.

दुसरा अभिप्राय बर्लिनच्या रेल्श्टाब या समीक्षकाचा. शोपँचे पहिले नॉक्टर्न प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याने फील्डशी तुलना करून त्यांची यथेच्छ टर उडवली. फील्डची सुरेख रचना वेड्यावाकड्या आरशासमोर धरली, तर जे दिसेल ते शोपँचे संगीत, असा त्या टीकेचा आशय होता. शोपँ वादात उतरला नाही. तो नॉक्टर्न लिहीत राहिला. आज फील्डचे नाव पुष्कळदा शोपँच्या अनुषंगानेच घेतले जाते.

तिसरा अभिप्राय सर्वांत अवघड, कारण तो आपल्या माणसांचा होता. एल्स्नर यांना वाटे, की आपल्या शिष्याने पोलिश भाषेत एखादे भव्य संगीतनाटक रचावे. वित्वित्स्की या कविमित्रानेही त्याला तेच कळकळीने लिहिले. देश पारतंत्र्यात, हजारो माणसे परागंदा, आणि ज्याच्या हातात एवढे सामर्थ्य आहे तो पियानोसाठी दोन-दोन पानांच्या रचना लिहीत बसतो, हे त्यांना कसे पटावे? हा सल्ला देशप्रेमातून आलेला होता, म्हणून तो झिडकारणे सोपे नव्हते. शोपँने ते नाटक कधीच लिहिले नाही. त्याऐवजी पोलंडच्या खेड्यापाड्यांतल्या माझुर्का या नाचाच्या लयीत त्याने पन्नासाहून अधिक छोट्या रचना केल्या. आपल्याकडे भोंगऱ्याच्या बाजारात ढोलाचा ठेका ऐकून वाढलेल्या मुलाने, शहरात गेल्यावरही तोच ठेका आयुष्यभर मनात घोळवावा, तसे काहीसे हे झाले. त्याचा देश त्या लहान लहान रचनांत मावला.

आता मी मूळ विषयाकडे येतो. १८३८ च्या नोव्हेंबरात शोपँ, प्रसिद्ध लेखिका जॉर्ज सँड आणि तिची दोन मुले असे स्पेनच्या मायोर्का बेटावर गेले. हवापालटाने प्रकृती सुधारेल, ही आशा. पण पावसाळी हवा सुरू झाली आणि शोपँचा खोकला बळावला. तीन डॉक्टर येऊन गेले. क्षयाचा बोभाटा झाल्यावर घरमालकाने घर सोडायला लावले. अखेर डिसेंबरात वाल्देमोसा येथील एका रिकाम्या मठात ही मंडळी राहायला गेली. शोपँने प्लेयेल कंपनीचा एक छोटा पियानो पॅरिसहून मागवला होता. तो बेटावर पोचला खरा, पण जकातीत अडकला आणि जानेवारीत हाती आला. तोवर त्याने तिथल्याच एका सुमार पियानोवर काम भागवले. बरोबर बाखच्या रचनांचे पुस्तक होते. बारा सुरांपैकी प्रत्येकाला सा मानून, एकदा शुद्ध गांधाराच्या आणि एकदा कोमल गांधाराच्या अंगाने, अशा २४ घरांत बाखने रचना केल्या होत्या. त्याच २४ घरांत शोपँचे २४ पूर्वरंग आहेत. त्यांतले बरेचसे तो आधीच लिहून आला होता; उरलेले काम त्या थंडगार मठात पुरे झाले. २२ जानेवारी १८३९ रोजी हस्तलिखित पॅरिसला रवाना झाले. वॉर्साचा जुना मित्र यूलियान फॉन्ताना नकला करायचा आणि प्रकाशकांशी व्यवहारही तोच पाही. त्याच वर्षी संच प्रसिद्ध झाला.

या संचातील पंधरावी रचना नॉक्टर्नच्या सर्वांत जवळची आणि सर्वांत लांब, तरीही वाजायला साधारण पाच-सहा मिनिटेच लागतात. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर तिचा सा काळी एक. सुरुवात होते ती गांधारावरून षड्जावर आणि षड्जावरून खालच्या पंचमावर अलगद उतरणाऱ्या सुरांनी. आणि तो पंचम, काळी चार, रचनेत जवळजवळ अखंड ठिबकत राहतो. आपल्याला हे ओळखीचे वाटते, कारण तंबोऱ्याची पहिली तार असाच पंचम धरून असते. पण गंमत पुढेच आहे. मधल्या भागात शुद्ध गांधार जाऊन कोमल गांधार येतो, धून खाली खर्जात उतरते, आणि पंचम मात्र जिथल्या तिथे. सूर तोच, पट्टी तीच. तरीही आधी जो शांत वाटत होता तो आता भीती घालू लागतो. भोवतालचे सूर बदलले की न बदललेल्या सुराचाही अर्थ बदलतो, हे शोपँने एका पट्टीच्या आधारे दाखवले आहे. मग पहिली धून परत येते, थोडक्यात. शेवटाजवळ तो ठिबकणारा सूर क्षणभर थांबतो, एक एकाकी स्वरावली वरून खाली येते, आणि रचना संपते. रात्रभर चालणारी पाण्याची मोटर एकाएकी बंद पडावी आणि शेतातली शांतता पहिल्यांदा ऐकू यावी, तसे मला त्या ठिकाणी होते.

या पूर्वरंगांचा पहिला श्रोता घरातलाच होता. जॉर्ज सँडने पुढे आत्मचरित्रात एक प्रसंग लिहिला आहे. ती मुलाबरोबर गावातून वादळी पावसात उशिरा परतली, तेव्हा शोपँ साश्रू नयनांनी एक पूर्वरंग वाजवत होता. आपण तळ्यात बुडालो आहोत आणि छातीवर थेंब पडताहेत, असा त्याला भास झाला होता. छपरावर खरोखरच थेंब पडत होते. तिने ते दाखवून दिले, आणि सुरांनी पावसाची नक्कल केली असे सुचवले, तेव्हा तो चिडला. ती रचना नेमकी कोणती, हे तिने सांगितलेले नाही. पण पंधराव्या रचनेला पावसाच्या थेंबाचे नाव पुढे चिकटले ते कायमचे. शोपँच्या रागाचे कारण मला समजू शकते. पाऊस बाहेर होता हे खरे, पण रचनेत जे होते ते पावसावर अवलंबून नव्हते. आपण श्रोते मात्र गोष्ट मिळाली की सूर ऐकायचे सोडून गोष्टच ऐकत बसतो.

दुसरा श्रोता रॉबर्ट शूमान. शोपँच्याच वयाचा, स्वतः थोर संगीतकार, आणि शोपँची थोरवी जर्मन वाचकांना १८३१ इतक्या लवकर सांगणारा. आपली एक महत्त्वाची रचना त्याने शोपँला अर्पण केली होती. असा सुहृदही १८३९ साली पूर्वरंगांचा संच पाहून बुचकळ्यात पडला. त्याला ते कच्चे आराखडे वाटले, सुरू होऊन थांबलेल्या रचना वाटल्या, पडझड झालेल्या इमारतीचे अवशेष वाटले. काहींत त्याला आजारपणाचा ज्वर जाणवला. तरीसुद्धा प्रत्येक तुकड्यावर शोपँचीच मुद्रा आहे, आणि हा आपल्या काळातला सर्वांत निर्भय कविमनाचा कलावंत आहे, हेही त्याने त्याच लेखात नोंदवले. आख्यान कुठे आहे, हा त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. न कळलेले न कळले म्हणून सांगणे आणि तरीही कलावंताचा मान राखणे, ही समीक्षेची रीत आपण शिकण्यासारखी आहे.

तिसरा श्रोता फ्रान्झ लिस्ट, त्या युगाचा सर्वांत गाजलेला पियानोवादक. २६ एप्रिल १८४१ रोजी शोपँने प्लेयेलच्या दालनात आपले काही पूर्वरंग वाजवले. त्यावर लिहिताना लिस्टने मर्म पकडले. हे दुसऱ्या कशाच्या आधी वाजवायचे तुकडे नव्हेत, तर कवीने लिहिलेल्या पूर्वरंगांसारखे स्वतंत्र काव्य आहे, असे त्याने म्हटले. दोन वर्षांत मत एवढे पालटले, आणि शोपँने मधल्या काळात एका पूर्वरंगालाही आख्यान जोडले नव्हते.

येथे कुणी म्हणेल, की मग शोपँ कुणाचेच ऐकत नव्हता! तसे मात्र नाही. या संचातील विसावी रचना अगदी चिमुकली, छापील पानावर अवघी १३ आवर्तने. धीरगंभीर पावले टाकत जाणारी. मुळात ती याहूनही छोटी होती. तिचा उत्तरार्ध अधिक हळुवार करून पुन्हा वाजवावा, असे शोपँने मागाहून ठरवले, आणि हस्तलिखिताच्या कडेला एक टीप लिहिली : ही एका गृहस्थांसाठी केलेली छोटीशी सवलत आहे, आणि त्यांचे म्हणणे पुष्कळदा बरोबर असते. गृहस्थांचे नाव त्याने फुल्यांनी झाकले. आज ती रचना ऐकताना तो हळुवार झालेला उत्तरार्ध काढून टाकल्याची कल्पनाच करवत नाही. जाणारी मिरवणूक दूर दूर जात असल्याचा जो भास होतो, तो त्या चार आवर्तनांमुळेच. मला शोपँच्या सगळ्या चरित्रात ही टीप सर्वांत प्रिय आहे. जो माणूस देशभक्तांच्या आग्रहाने नाटक लिहीत नाही, तो एका मित्राच्या शब्दावरून चार आवर्तने जोडतो. भेद कुठे आहे? नाटकाचा सल्ला त्याला दुसराच कुणी व्हायला सांगत होता. चार आवर्तनांचा सल्ला त्याच रचनेच्या आत शिरून, तिला काय हवे आहे ते ऐकून दिलेला होता. वाढवायला दोघांनीही सांगितले. पण दुसऱ्याने आधी नीट ऐकले होते.

त्याचा सर्वांत कठोर टीकाकार तो स्वतःच होता. जॉर्ज सँडने लिहून ठेवले आहे, की कल्पना त्याला पियानोशी बसल्या बसल्या किंवा फिरताना एकदम सुचे, आणि मग खरा छळ सुरू होई. तो दिवसचे दिवस खोलीत कोंडून घेई, येरझाऱ्या घाली, लेखण्या मोडी, एकच आवर्तन शंभरदा बदलून पाही. एका पानावर सहा आठवडे घालवून शेवटी पहिल्या खर्ड्यावरच परत येई. शिष्यांना तो चांगले गायक ऐकायला सांगे, कारण पियानोने गायला हवे हा त्याचा ध्यास. पट्टीच्या वाद्यातून मींड निघत नाही, ही त्याचीही अडचण होती. याच कारणावरून आपल्या आकाशवाणीने १९४० पासून काही दशके पेटीला दूर ठेवले. तरीही आपल्या गोविंदराव टेंबे यांनी भास्करबुवा बखल्यांसारख्यांच्या गायकीचा व्यासंग करून पेटी गाती केली. दोघांच्या वाटा वेगळ्या, कळ एकच.

१८४७ साली जॉर्ज सँडशी त्याचे नाते तुटले. १६ नोव्हेंबर १८४८ रोजी लंडनमध्ये पोलिश निर्वासितांच्या मदतीसाठी त्याने अखेरचे जाहीर वादन केले. साऱ्या आयुष्यात त्याच्या जाहीर मैफली सुमारे तीसच झाल्या. तिथेही त्याने संख्येचा मोह धरला नाही. १७ ऑक्टोबर १८४९ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो पॅरिसमध्ये गेला. अपुरी हस्तलिखिते जाळून टाकावीत, अशी त्याची इच्छा होती. फॉन्तानाने ती बाजूला ठेवून १८५५ साली त्यांतील काही रचना प्रसिद्ध केल्या. देह पॅरिसच्या मातीत राहिला. हृदय मात्र बहीण वॉर्साला घेऊन गेली; ते तेथील एका चर्चच्या खांबात जतन केलेले आहे.

३० ऑक्टोबरला मादलेन चर्चमध्ये अंत्यविधी झाला. मोत्सार्टचे मोठे शोकसंगीत झाले, आणि ऑर्गनवर, म्हणजे आपल्या पेटीच्या हवेवर चालणाऱ्या थोरल्या बहिणीवर, शोपँचे दोन पूर्वरंग वाजवले गेले : चौथा आणि सहावा. प्रत्येकी दोन-अडीच मिनिटांचे. त्या दिवशी ते कुणालाही अपुरे वाटले नसावेत.

मित्रहो, शोपँची ओळख करून घ्यायला पियानो हवाच असे नाही. भजन संपल्यावर पेटी झाकण्यापूर्वी पाच मिनिटे मागून घ्यावीत. अंगठ्याने खालची काळी चार दाबून ठेवावी. वर पांढरी चार, मग काळी एक, मग पुन्हा ती खालची काळी चार, असे हळूहळू उतरावे. नंतर पांढरी चारच्या जागी पांढरी तीन घ्यावी, आणि अंगठ्याखालच्या त्याच पंचमाकडे कान द्यावा.